बाहेर आलेली चाकं

दिवाळी झाली आणि दिग्विजयनं गाडीची चाकं बदलली. कंपनीची चाकं त्याला पहिल्या दिवसापासून खुपत होती. "हत्तीला शेळीचे पाय लावल्यागत दिसतंय," म्हणायचा. होटगी रस्त्यावर चन्नवीरचं चाकांचं दुकान होतं. तिथून त्यानं रुंद, काळीभोर अलॉयची चाकं बसवून आणली आणि पांढरी गाडी दारात उभी करून घरच्यांना बाहेर बोलावलं. चाकं मडगार्डच्या चांगली दोन बोटं बाहेर आली होती. शड्डू ठोकून पैलवान उभा राहावा तशी गाडी पाय फाकून उभी होती.

"कशी दिसतेय?" त्यानं विचारलं.

"भारी," ऋतुजा म्हणाली. लग्नाला जेमतेम वर्ष होत आलं होतं आणि नवऱ्याचा फुललेला चेहरा तिला आवडायचा. सासूबाई केराबाई उंबऱ्यातूनच बघून आत गेल्या. त्या श्रीपूरकडच्या. बैलगाडीपासून विमानापर्यंत कुठल्याही वाहनाबद्दल त्यांचं मत एकच होतं, की त्यानं वेळेवर पोचवावं.

पहिले काही आठवडे बरे गेले. मग गाडी हळूहळू बदलायला लागली. खड्ड्यातून गेली की स्टिअरिंगला हिसका बसे आणि दिग्विजयचे दोन्ही हात एका बाजूला ओढले जात. तो हसून सावरायचा. ठिबक सिंचनाच्या सामानाची विक्री करायला तो आठवडाभर तालुके पालथे घालायचा, कधी करमाळा, कधी अक्कलकोट, कधी उजनीकाठची केळीवाली गावं. गाडीला उसंत अशी नव्हतीच.

आणि मग तो आवाज सुरू झाला.

ऋतुजानं तो पहिल्यांदा विजापूर रस्त्यावर ऐकला. दूर कुठंतरी कोणीतरी जात्यावर दळतंय, असा. गाडीचा वेग वाढला की जातं जोरात फिरे, वेग कमी झाला की मंदावे. तिनं काच वर केली, तरी आवाज होताच. तो कानात नव्हता, पायाखालच्या पत्र्यातून वर येत होता. गाडी उजवीकडं वळली की तो वाढे आणि डावीकडं वळली की दबे. हे एकदा लक्षात आल्यावर तिला दुसरं काही ऐकूच येईना.

"अहो, हा कसला आवाज येतोय?"

दिग्विजयनं गाणं मोठं केलं. "टायर रुंद आहेत ना, रस्त्याचा आवाज येणारच."

पुढच्या खेपेला तिनं पुन्हा विचारलं तेव्हा तो वैतागला. "टायरचा आवाज कुठला आणि बेअरिंगचा कुठला, तुला कळतं का? मग उगं कशाला शंका काढतेस?"

बेअरिंग हा शब्द तिनं उच्चारलाही नव्हता. तो त्याच्याच तोंडून आला होता. रात्री भांडी घासताना हे तिच्या ध्यानात आलं.

त्यानंतर गाडीत बसायचं म्हटलं की तिच्या तळहाताला घाम सुटायचा. ती दाराच्या वरची मूठ धरून बसायची आणि दुसरा हात ओढणीखाली लपवायची, त्याला दिसू नये म्हणून. तो फिरतीवर गेला की दर तासाला काहीतरी निमित्त काढून फोन करायची. जेवलात का, कुठं आहात, तिकडं ऊन आहे का. तो म्हणायचा, "काय गं, पाळत ठेवतेस काय?" आणि ती हसण्यावारी न्यायची. तो घरी आला, की कुलूप लावताना होणारा गाडीचा चिवचिवाट ऐकूनच तिचा जीव खाली यायचा. सासूबाईंना सांगावं असं कैकदा मनात आलं. पण एकुलता एक मुलगा, त्यात हौसेची गाडी. नव्या सुनेनं अपशकुनासारखं काही बोललेलं कोणाला रुचणार?

शेवटी एकदा ती ज्या बालवाडीत शिकवायची, तिथून परत येताना एकटीच चन्नवीरच्या दुकानात गेली.

चन्नवीर गोरा, गोल चेहऱ्याचा माणूस होता. तिला बघून त्यानं खुर्ची पुढं केली. "या वैनी. साहेब नाहीत आले?"

तिनं आवाजाचं सांगितलं. तो ऐकत होता तोवर हसरा होता.

"उजवीकडं वळताना वाढतो?" त्यानं विचारलं.

"हो. आणि पुढच्या डाव्या चाकातनं येतोय असं वाटतं."

चन्नवीरचं हसू गेलं. त्यानं दुकानाच्या दाराकडं एकदा बघून घेतलं. "वैनी, मी साहेबांना आधीच बोललो होतो. ह्या चाकांचा ऑफसेट वेगळा. म्हणजे कंपनीचं चाक आत बसतं, हे बाहेर निघतं. भरलेली घागर कडेवर घेतली तर बाई कोसभर चालते. तीच घागर हात लांब करून धरली तर? खांदा निखळायला येईल का नाही? घागर तेवढीच, पाणी तेवढंच. पण ओझं लांब गेलं. तसं सगळं ओझं आता बेअरिंगवर तिरकं येतंय. खड्ड्यात चाक आपटलं की हिसका थेट स्टिअरिंगच्या सांध्यांना. ते पण झिजणार."

"मग तुम्ही बसवलीत कशाला?"

"मी नसती बसवली तर शेजारच्यानं बसवली असती," तो म्हणाला. ते बोलताना त्याचा आवाज त्यालाच चोरटा वाटला असावा, कारण लगेच पुढं म्हणाला, "आता गाडी आणायला सांगा त्यांना. मी दोन वेळा फोन केला, उचलत नाहीत. बेअरिंग आवाज करतंय तोवर ठीक आहे वैनी. पण त्याच्यात खेळ सुरू झाला, चाक डुलायला लागलं, की ब्रेक, स्टिअरिंग कशाचंच खरं नाही. कधी जाईल सांगता येत नाही. आणि... मी सांगितलं असं बोलू नका. गिऱ्हाईक तुटतं."

म्हणजे आता तिला नुसती शंका नव्हती. आता तिला माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं. घरी येऊन तिनं एवढंच म्हटलं, "गाडी एकदा दाखवून घेऊ या ना, पायलच्या साखरपुड्याला जायच्या आधी." पायल तिची धाकटी बहीण, सांगोल्याला. दिग्विजय म्हणाला, "आल्यावर बघू." आणि तो विषय त्यानं तिथंच बुडवला.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी तिघं निघाले. दिग्विजय चालवायला, शेजारी ऋतुजा, मागं केराबाई आणि त्यांच्या मांडीवर पेढ्यांचे खोके. तिऱ्हे मागं पडलं. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना ज्वारी निसवली होती. दिग्विजयनं गाणी लावली. आज जातं फिरत नव्हतं. आज खालून कोणीतरी दगडावर दगड घासत होतं.

कामती ओलांडल्यावर उसाचे दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर पुढं आला. दिग्विजयनं त्याला मागं टाकायला गाडी उजवीकडं घेतली आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. नुसतं थरथरलं नाही. त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंतचं मांस हलताना ऋतुजाला दिसलं. ट्रेलरची चाकं तिच्या खिडकीशी, तिच्या डोक्याएवढ्या उंचीवर फिरत होती. ती संपता संपेनात. गाडी पुढं निघाली तेव्हा आत जळक्या ग्रीसचा वास आला होता.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"थांबवा. मला उतरायचंय."

"उलटी होतेय का?"

"नाही. मला ह्या गाडीत बसायचं नाही."

त्यानं कचकन ब्रेक लावला. पहिल्या दाबाला गाडीनं दाद दिली नाही, दुसऱ्यांदा दाबल्यावर ती थांबली. रस्त्याकडेला चहाचं खोपट होतं, पुढं बाक टाकलेला. ऋतुजा खाली उतरली. दिग्विजय गाडीला वळसा घालून आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"तुझ्या बहिणीचा साखरपुडा आहे. लोक वाट बघतायत. आणि तू रस्त्यात हा तमाशा करतेस?"

"चाक बघा तुम्ही. हात लावून बघा, किती तापलंय."

"गाडी चालली की चाक तापतंच! आई, तू तरी सांग हिला."

केराबाईंनी पेढ्यांचे खोके सीटवर ठेवले. दार उघडलं. मग पदर खोचून त्या सावकाश उतरल्या आणि ऋतुजाशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"मी बी न्हाय बसत," त्या म्हणाल्या.

दिग्विजय काही बोलायच्या आत त्यांनीच पुढं सांगितलं.

"मला बी ऐकू येतंय की. लई दिस झालं. मागं बसलं तरी बी येतोय. म्हनलं, पोराला कशाला बोलायचं, त्याची हौस हाय. बसत हुते देवाचं नाव घेत."

ऋतुजानं सासूकडं पाहिलं. इतके दिवस दोघी एकाच गाडीत, पुढं-मागं बसून, एकच आवाज ऐकत होत्या आणि एकमेकींना कळू देत नव्हत्या. आई तिच्या बाजूनं उतरली, ते दिग्विजयला झोंबलं. एकटी बायको असती तर त्यानं कदाचित समजूत काढली असती. पण आईसुद्धा?

"बरं," तो म्हणाला. "बसा इथंच. मी बेगमपूरच्या पुलापर्यंत जातो आणि परत येतो. काही झालं नाही ना, मग दोघींनी गुमान बसायचं आणि पुन्हा ह्या गाडीचं नाव काढायचं नाही."

"अहो, नको. अहो, ऐका..."

तो गाडीत बसला होता. दार आपटलं. काळी चाकं धुरळा उडवत निघाली. ऋतुजा चार पावलं मागं धावली आणि थांबली. गाडी लहान होत गेली, वळणावर एकदा चमकली आणि दिसेनाशी झाली.

दोघी बाकावर बसल्या. खोपटातल्या माणसानं न विचारता चहा आणून ठेवला. तो तसाच राहिला, वर साय धरली.

सुरुवातीला ऋतुजाच्या मनात रागच होता. जाऊ दे, फिरून येईल, मग कळेल. पण समोरून येणारी गाडी आपली नाही असं पुन्हा पुन्हा व्हायला लागलं, तसा राग विरत गेला. पांढरं काही दिसलं की ती उभी राहायची. कधी दुधाचा टेम्पो निघायचा, कधी दुसऱ्याच कोणाची गाडी. तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग तर वाजायचाही थांबला, संपर्क क्षेत्राबाहेर असल्याचं फोनमधली बाई शांतपणे सांगायला लागली.

"पुलापतोर जाऊन याला येवडा येळ लागतो का गं?" केराबाईंनी विचारलं.

"नाही आई."

केराबाई हातातल्या पदराचा पीळ करत म्हणाल्या, "आपुन उतरलो पोरी. त्याला न्हाय उतरिवलं."

हेच ऋतुजा मघापासून मनाशी बोलायचं टाळत होती. किल्ली काढून घ्यायला हवी होती. गाडीपुढं आडवं पडायला हवं होतं. चन्नवीरचं नाव घ्यायला हवं होतं, गिऱ्हाईक तुटलं असतं तर तुटलं असतं. तिनं स्वतःचा जीव वाचवला होता आणि त्याला एकट्याला त्या चाकांवर बसवून धाडलं होतं, वर त्याला चिडवून. चिडलेला माणूस गाडी हळू चालवतो का?

पुलाकडून मोटारसायकलवर दोघे आले आणि चहाला थांबले. एकजण खोपटवाल्याला म्हणाला, "पुलाच्या अलीकडं गर्दी झालीया. गाडी ठोकलीया वाटतं."

"कसली गाडी?" ऋतुजा ओरडलीच. "पांढरी का?"

"बघितली न्हाय ताई. गर्दी लई हुती. आमी थांबलो न्हाय."

मंगळवेढ्याकडं निघालेला डाळिंबाच्या रिकाम्या क्रेटचा टेम्पो तिनं रस्त्यात उभं राहून अडवला. ड्रायव्हरनं शिवी हासडायला तोंड उघडलं होतं, पण तिचा चेहरा बघून त्यानं नुसतं दार उघडलं. केराबाईंना दोघांनी मिळून वर ओढलं. टेम्पोतही कसलातरी आवाज येत होता. ऋतुजाला वाटलं, जगातली सगळी चाकं आता निखळायच्या बेतात आहेत.

केराबाईंनी तिचा हात धरला होता. त्यांचे ओठ हलत होते. ऋतुजा रस्त्याच्या कडेला नजर लावून होती. कुठं काच सांडलीय का, कुठं चाकाची खूण दिसतेय का. एका ठिकाणी डांबरावर काळा ओरखडा दिसला. तो जरा सरळ गेला, मग डावीकडं वळला, मग त्याच्या जागी डांबर खरवडून पांढरी रेघ उमटली होती. ती रेघ संपेचना.

गर्दी दिसली. माणसांच्या पायांमधून तिला आधी चाक दिसलं. पुढचं डावं चाक मोडलेल्या घोट्यासारखं आतल्या बाजूला कलंडलं होतं. गाडी पुलाच्या तोंडाशी लोखंडी कठड्यात आडवी घुसली होती. कठडा वाकला होता. त्याच्या पलीकडं खाली खोल भीमेचं पात्र.

गाडीत कोणी नव्हतं.

"कुठंय?" ती माणसांना विचारत सुटली. "चालवणारा कुठंय?" कोणीतरी बोट दाखवलं.

दिग्विजय कठड्याच्या खांबाला पाठ लावून मातीत बसला होता. कपाळातून रक्ताची बारीक धार आली होती आणि डावा हात त्यानं उजव्या हातात धरला होता. जिवंत होता. केराबाई टेम्पोतून उतरून धापा टाकत आल्या, त्यांनी आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथंच मातीत बसून त्याचं डोकं छातीशी धरलं.

"ब्रेक खाली गेला आई," तो म्हणत होता. "पाय खालीच गेला. स्टिअरिंग फिरवलं तर गाडी दुसरीकडंच. पुढं मोटारसायकल होती. नवरा, बायको, तिच्या कडेवर लेकरू. एवढ्या अंतरावरनं गेली." त्यानं चांगला हात पुढं करून तेवढं अंतर दाखवलं. पुन्हा दाखवलं. "त्यांना कळलंपण नाही. ते गेले. त्यांना कळलंपण नाही."

ऋतुजा त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिनं ओढणीनं त्याचं कपाळ दाबून धरलं.

"तुम्हाला ऐकू येत नव्हतं का हो?" तिनं विचारलं.

तो तिच्याकडं बघेना. "येत होतं," तो म्हणाला. "म्हणून तर गाणी लावायचो. फिरतीवर एकटा असलो की भीती वाटायची. रोज म्हणायचो, उद्या दाखवू. दाखवली असती तर चन्नवीर म्हणाला असता, काढा ही चाकं. एवढी मिरवली होती सगळ्यांपुढं."

टेम्पोवाल्यानंच त्यांना मंगळवेढ्याच्या दवाखान्यात पोचवलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. ते बांधून सांगोल्याला पोचेपर्यंत दुपार कलली होती, अंगठ्या घालून झाल्या होत्या. पायल हिरव्या साडीत धावत आली आणि बहिणीच्या ओढणीवरचं रक्त बघून जागीच थबकली. ऋतुजानं तिला जवळ घेतलं, चांगलं झालं म्हणाली, पाहुण्यांना पेढे वाटले. सगळं नीट केलं. मग स्वयंपाकघरात तिनं पाण्याचा तांब्या उचलला आणि तो कोणासाठी उचलला, तेच तिला आठवेना. केराबाईंनी तो हळूच तिच्या हातातून काढून घेतला.

गाडी महिन्यानं दुरुस्त होऊन आली. बेअरिंगं, स्टिअरिंगचे सांधे, चाकं वळवणारे टाय रॉड, सगळं नवं घालावं लागलं. कंपनीची जुनी चाकं माळ्यावर होती, तीच चन्नवीरनं पुन्हा बसवली. दिग्विजयचा हात प्लॅस्टरमधून निघाला, पण तो गाडीकडं फिरकेना. एसटीनं फिरतीवर जायचा. झोपेत कधीकधी त्याचा उजवा पाय जोरात पलंगाच्या लाकडावर दाबला जायचा आणि तो दचकून उठायचा. ऋतुजा जागीच असायची.

एका रविवारी चन्नवीरचा फोन आला. तिघं जेवायला बसले होते. दिग्विजयनं फोन ताटाशेजारी ठेवून स्पीकरचं बटण दाबलं.

"साहेब, तुमची चाकं पडून आहेत माझ्याकडं. तीन तर नव्यासारखी आहेत, चौथं जुळवून देतो. एक गिऱ्हाईक आलंय, मोहोळचं पोरगं आहे, हौशी. त्याच्या गाडीला जरा बाहेर येतील इतकंच. देऊन टाकू का?"

दिग्विजयनं घास हातात तसाच धरला. ऋतुजाच्या डोळ्यांपुढं मोहोळचा तो न पाहिलेला मुलगा आला. त्याच्या शेजारी कोणीतरी बसलेलं असणार, ओढणीखाली हात लपवून. मागं कोणीतरी देवाचं नाव घेत असणार.

"नाही," ती म्हणाली. कोणी विचारायची वाट तिनं पाहिली नाही. "चन्नवीरभाऊ, ती चाकं कोणालाही द्यायची नाहीत."

"वैनी, मी नाही दिली तर तो दुसरीकडनं घेईलच..."

"घेऊ दे. आमची नाही घेणार."

दिग्विजयनं फोन उचलून जवळ घेतला. "चन्नवीर, मी येतो आत्ता," तो म्हणाला. "माझ्यासमोर भंगारात घाल. आणि त्या पोराला थांबवून ठेव. मला त्याच्याशी बोलायचंय."

त्यानं ताटातलं संपवलं, हात धुतले आणि खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. ती हातात धरून तो थोडा वेळ उभा राहिला. मग ऋतुजाकडं वळला.

"तू येतेस का?" त्यानं विचारलं. आवाज इतका हळू होता, की केराबाईंना तो ऐकू गेला नसावा. "मला एकट्याला जायची भीती वाटते."

तिनं खरकटं ताट तसंच सोडलं आणि चप्पल पायात सरकवली.